पाकोळ्यांनी धरलेलं घर

मुक्ताई थापा मारायची. पण तिची थाप कुणाच्या चुलीत पाणी ओतणारी नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. खडकवासल्याच्या धरणातून एकदा एक मगर निघाली, पोहत पोहत पार येरवड्यापर्यंत गेली आणि तिथं तिला पोलिसांनी आत टाकली, ती अजून सुटली नाही, असं ती शपथेवर सांगायची. कुणी हसलं की म्हणायची, "जा की मग तुरुंगात, विचारून ये." आता मगरीची चौकशी करायला तुरुंगात कोण जाणार?

अशा बाईची सून व्हायचं सुरुचीच्या नशिबी आलं. सुरुची नारायण पेठेतली. तिकडे शब्द मोजून वापरायची पद्धत, उरले तर परत डब्यात ठेवतात. मुक्ताई आणि तिचे यजमान उत्तरेश्वर लातूरकडचे. पिंपरीला कारखान्यात नोकरी लागली म्हणून तरणेपणी पुण्यात आलेले. धनकवडीत गुंठाभर जागा घेऊन बैठं घर बांधलं, मागं हातभर बाग केली. मुलगा शुभंकर इथंच वाढला, आयटीत लागला आणि सुरुचीला घेऊन आला. सुरुचीनं पहिल्या वर्षातच ठरवून टाकलं, सासूबाईंचं ऐकायचं सगळं, मनावर घ्यायचं काहीच नाही.

तिथंच घात झाला.

झालं असं, की मागच्या बाजूचा जुना बंगला बिल्डरनं घेतला आणि पाडला. पुण्यात हे आता इतकं चालतं, की माणसं शेजारी मेला तरी विचारतात, रीडेव्हलपमेंटला गेला का. त्या बंगल्याला लाकडी पट्ट्यांची वळचण होती. ती पडली त्या दिवशी मुक्ताई मागच्या खोलीत आजारी पडून होती. खिडकीतून तिला सगळं दिसत होतं. सुरुची पेज घेऊन आली, तर म्हातारी उशीवरून मान उचलून बघत होती.

"गेलं बाई त्यांचं घर," मुक्ताई म्हणाली.

"त्यांना मोठा फ्लॅट मिळणारे आई. रडताय कशाला?"

"त्यांचं नाही गं. पाकोळ्यांचं. पाकोळ्यांना घर द्या कुणीतरी. नाहीतर हे आपलं कोण धरून ठेवायचं?"

"काय धरून ठेवायचं?"

"घर! भिंतीवर घर उभं असतंय व्हय? पाकोळ्या नखांनी धरून ठेवतात त्याला. त्यांनी सोडलं, की बसलंच." मग तिनं सुरुचीचं मनगट पकडलं. आजारी बाईच्या हाताला इतका जोर कुठला, असं सुरुचीला वाटलं. "आणि ऐक. दिवसाउजेडी पाकोळ्या निघाल्या ना, तर चप्पल हुडकायची नाही, मागं बघायचं नाही. निघायचं."

"बरं आई," सुरुची म्हणाली, आणि पेजेचा चमचा पुढे केला. मगरीला म्हणाली होती तसंच बरं.

त्याच आठवड्यात मुक्ताई गेली.

दहाव्याला सगळे ओंकारेश्वराला घाटावर जमले. पिंड ठेवला आणि कावळ्याची वाट बघत बसले. कावळे होते. समोरच्या झाडावर ओळीनं बसले होते, सभेला आल्यासारखे. पण एक खाली उतरेल तर शपथ. शुभंकरनं हात जोडून सांगितलं, "आई, बाबांना अंतर देणार नाही." कावळ्यांनी माना फिरवल्या. नणंद म्हणाली, "आई, तुझ्या पाटल्यांवरून भांडणार नाही." हे ऐकून तर एक कावळा उडूनच गेला. उत्तरेश्वर नदीकडे बघत राहिले. गुरुजींनी घड्याळ बघितलं, घसा खाकरला आणि विचारलं, "दर्भाचा करायचा का मग?"

दर्भाचा कावळा करणं म्हणजे गेलेल्या माणसाची इच्छा राहिलीय हे चारचौघांत कबूल करणं. सुरुची पुढे झाली, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं पुटपुटली, "आई, तुमच्या पाकोळ्यांना घर करून देईन."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.

असा आला, की भाताची शितं तिच्या पदरावर उडाली. गुरुजी म्हणाले, "मिळाली हो गती." सगळ्यांनी सुस्कारा सोडला. सुरुची मात्र त्या कावळ्याकडे बघत राहिली. त्यानं एक घास खाल्ला, मान तिरकी केली आणि एका डोळ्यानं तिच्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही. पोटाकडे.

पोटात काय आहे हे तिला घरी गेल्यावर कळलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, डॉक्टर झाले होते, देव झाले होते, आणि आता आशा सोडल्यावर दिवस राहिले होते. मंदाकिनीकाकू समोर राहायच्या, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. सुरुचीनं त्यांना हे सांगितलं, घाटावरच्या शब्दासकट, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे घाटावर तू दोन जिवांची उभी होतीस? छान. आता वचन दिलंयस ना? पाळ हो ते. असल्या वेळी दिलेला शब्द एकट्या आईचा नसतो."

मंदाकिनीकाकू असं काही बोलायच्या आणि मग शांतपणे मटार सोलायच्या.

सुरुची घाबरली. तिनं शुभंकरला सांगितलं, "पाकोळ्यांचं घर आण." उत्तरेश्वर तेव्हा गावी गेलेले होते, भावकीत. त्यामुळे घरात दोघंच, आणि दोघंही पुण्यात वाढलेले. शुभंकरनं फोनवर शोधलं, पाकोळी म्हणजे इवलासा काळा पक्षी निघाला, पंख कोयत्यासारखे. लगेच ऑनलाइन एक खोका मागवला. निळा रंग, वर लाल छप्पर, मधे गोल भोक, भोकाखाली बसायला दांडी. बागेतल्या पेरूवर टांगला.

एक पाकोळी आली नाही. आला तो कावळा.

रोज सकाळी यायचा. दांडीवर बसायचा, भोकातून आत एक डोळा घालायचा, मग सुरुचीच्या खिडकीकडे बघायचा. ओरडत नव्हता. कावळा ओरडला तर माणूस पाहुणा येणार म्हणतं. न ओरडणाऱ्या कावळ्याला काय म्हणायचं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

तिकडे मागच्या प्लॉटवर खड्डा सुरू झाला होता. खाली दोन मजले पार्किंग करायचं होतं. पोकलेन दिवसभर खडक फोडायचा, आणि खिडकीच्या काचा जत्रेतल्या बांगड्यांसारख्या वाजायच्या. खड्डा आपल्या कुंपणाच्या भिंतीपर्यंत आला, मग भिंतीच्या खाली आला. पाचव्या महिन्यात सुरुचीची सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वार, प्लासेंटा, खाली आहे. जिना नाही, वाकणं नाही, दगदग नाही. पडून राहायचं. नाहीतर बाळ हातचं जाईल." घरात पडून राहण्यासारखी खोली एकच, मागची. मुक्ताई जिथं गेली ती.

तिथं आरशावर मुक्ताईच्या टिकल्या अजून तशाच चिकटवलेल्या होत्या. सुरुची त्या बघत पडून राहायची. भिंतीतून काहीतरी सरकल्यासारखा बारीक आवाज यायचा. उंदीर असेल, ती स्वतःला सांगायची.

उत्तरेश्वर गावाहून आले ते आंब्याचे दिवस संपत आले होते तेव्हा. बागेत गेले, निळा खोका बघितला आणि मुक्ताई गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

"हे काय आणलं? चिमण्यांची म्हाडा?"

"पाकोळ्यांसाठी आहे बाबा," सुरुची खिडकीतून म्हणाली. "आईंना शब्द दिलाय."

म्हातारा हसायचा थांबला. "कुठल्या पाकोळ्या?"

"तो पक्षी नाही का, काळा..."

"अगं माय," उत्तरेश्वर म्हणाले, आणि हळूच पेरूखाली बसले. "आमच्याकडं पाकोळी म्हणजे वाघूळ. बारकं वाघूळ, मुठीएवढं. देवळात लोंबतंय ते. तुमच्या पुण्यात पक्षी असंल, आमच्या मुक्तीची पाकोळी म्हणजे पक्षी नव्हं."

सुरुचीनं पोटावर हात ठेवला. वटवाघूळ! गर्भारशीनं त्याची सावली घेऊ नये म्हणतात, आणि ती पिंडासमोर उभी राहून त्याला घरी बोलावून आली होती.

"मग आता काय करायचं?"

"करायचं काय? कावळ्याला सांगितलंस ना? केलं पाहिजे."

शुभंकरला हे रात्रीच्या जेवणावर कळलं. "बाबा, प्लीज. बॅट्स? प्रेग्नन्सीत? इन्फेक्शन असतं त्यांना."

"तू त्यांचा मुका घेणार आहेस का?" उत्तरेश्वर म्हणाले. "हात लावायचा नाही, खाली झाडायला तोंडाला फडकं बांधून जायचं. मी जातो. तू हिंजवडीला जा."

दुसऱ्या दिवशी ते मंडईत गेले आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्या घेऊन आले. खरखरीत लाकूड, ना रंग ना पॉलिश. वास येणारं लाकूड पाकोळीला चालत नाही, म्हणाले. खिळे उपसले, फळ्या जुळवल्या. मागची फळी लांब, म्हणजे बाहेरून आलेल्या पाकोळीला टेकायला जागा. समोरची आखूड. मधे फट इतकीच, की आपला अंगठा आडवा जाईल. वरून बंद, खालून उघडं. आणि आतल्या बाजूनं करवतीनं आडवे चरे, एकाखाली एक, नखं अडकावीत म्हणून. सुरुची खिडकीतून बघत होती. त्या चऱ्यांवरून म्हातारा बोट फिरवायचा, आणि तिला उगाच मनगटावर मुक्ताईची पकड आठवायची.

"दार नाही, खिडकी नाही," ती म्हणाली. "आत गुदमरत नाहीत का?"

"तुझ्या माहेरी खोल्या कशा होत्या?" उत्तरेश्वरांनी विचारलं.

सुरुचीनं आपल्या खिडकीचं दुसरं दारही उघडलं.

घर कुठं लावायचं यावरून मात्र दोघांची जुंपली. उत्तरेश्वरांना बागेत खांबावर लावायचं होतं. "झाडावर नको, मांजर चढतं. भिंतीवर नको, तुझ्या डोक्यावर येईल. खांब बरा. उंच, मोकळा."

"भिंतीवरच," सुरुची म्हणाली.

"का?"

तिला सांगायची लाज वाटली. शेवटी सांगितलं. "आई म्हणाल्या होत्या, पाकोळ्या घर धरून ठेवतात. खांबावर बसून काय धरणार?"

उत्तरेश्वरांनी तिच्याकडे बघितलं, मग खड्ड्याकडे बघितलं. आणि शिडी शोधायला गेले. शिडी मिळाली खड्ड्यावरच्या रखवालदाराकडे, सुखदेवकडे. तो स्वतःच वर चढला, दोन पुरुष उंचीवर, सुरुचीच्या खिडकीच्या वर, जिथं सकाळचं ऊन येतं आणि खड्ड्यावरच्या दिव्याचा उजेड येत नाही. तिथं त्यानं घर ठोकलं. उतरताना म्हणाला, "आजोबा, कुणाला सांगू नका, पण खाली पाणी लागलंय. पंप लावला तरी आटंना. मातीपण यायलीय पाण्याबरोबर."

"कुठून?"

सुखदेवनं नुसतं हनुवटीनं दाखवलं. घराकडे.

त्या दिवसापासून कावळा आला नाही. हे चांगलं की वाईट, सुरुचीला कळेना.

पावसाची झड लागली. एका सकाळी ती हळूहळू उठून खिडकीपाशी गेली, आणि तिच्या अंगावर काटा आला. खिडकीबाहेर, खालच्या फरशीवर काळे तीळ पडले होते. मूठभर, विखुरलेले, तर्पणाला सोडतात तसे.

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, इथं तीळ कुणी टाकले?"

उत्तरेश्वर काठी टेकत आले. वाकून बघितलं. चप्पल बाजूला काढली, देवळाबाहेर काढतात तशी.

"तीळ नव्हं. लेंड्या हायेत. आल्या बघ."

त्या संध्याकाळी दोघं खिडकीत बसली. दिवेलागणीला भिंतीवरून चिवचिव ऐकू आली, अगदी बारीक, मग खोक्याखालून एक काळा ठिपका टपकला आणि पडता पडता उडाला. मग दुसरा. मग धार लागली. सुरुचीला वाटलं होतं किळस येईल, पण तिचा श्वास मोकळा झाला. डासही कमी झाले. आणि भिंतीतला तो सरकल्याचा आवाज थांबला. पाकोळ्या आल्या तशी भिंत गप्प झाली, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. शुभंकरला तर नाहीच.

शुभंकरला तिनं तडा दाखवला. खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली गेलेला, केसाएवढा.

"अगं, बिल्डरच्या इंजिनिअरचा रिपोर्ट आहे माझ्याकडे. विदिन लिमिट आहे. प्लास्टरचा आहे तो. तू स्ट्रेस घेऊ नकोस, बाळाला चांगलं नाही."

तो गेल्यावर सुरुचीनं आरशावरची मुक्ताईची एक टिकली काढली आणि तड्यावर लावली. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. लाल, मोठी, मुक्ताई लावायची तशी. सकाळी टिकली एका बाजूनं सुटली होती. दुसरी लावली. ती एक दिवस टिकून राहिली. तिसऱ्या दिवशी तिसरी लावली, ती संध्याकाळपर्यंत लोंबायला लागली. तडा आता केसाएवढा नव्हता. सुरीचं पातं जाईल एवढा झाला होता.

"आपण पुढच्या खोलीत झोपू या," दुसऱ्या दिवशी सकाळीच ती उत्तरेश्वरांना म्हणाली.

"आज शुभंकर आला की पलंग हलवू. तू उचलाउचल करू नको." ते भिंतीला कान लावून उभे राहिले. "पाकोळ्या हायेत ना वर?"

"आहेत."

"मग हाय घर."

ते हसत म्हणाले, पण कान काढला नाही.

त्याच दुपारी पाऊस उघडला. स्वच्छ ऊन पडलं, असं ऊन, की कुठं काही लपायला जागा नाही. पोकलेन बंद होता, जेवणाची सुट्टी. उत्तरेश्वर पुढच्या खोलीत आडवे झाले होते. सुरुची कुशीवर पडली होती. आणि चिवचिव सुरू झाली.

तिला आधी वाटलं, स्वप्न. मग खिडकीबाहेर भर उन्हात काळा ठिपका टपकला. दुसरा. तिसरा. धार लागली, पण संध्याकाळच्यासारखी नाही. एकमेकांवर आपटत, उन्हानं आंधळ्या झाल्यासारख्या, पाकोळ्या निघाल्या. एकीच्या पोटाशी बारकं पिल्लू चिकटलेलं सुरुचीला स्पष्ट दिसलं. शेवटची पाकोळी गेली आणि सगळं शांत झालं. त्या शांततेत आरशावरच्या सगळ्या टिकल्या, एक एक करून, खाली पडल्या.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या उठायचं नाही. मुक्ताई म्हणाली होती निघायचं. एक बाई शिकलेली, दुसरी थापाडी.

सुरुची उठली.

पोटाखाली हात धरून ती पुढच्या खोलीत आली. "बाबा, उठा."

"काय झालं?"

"पाकोळ्या गेल्या."

"वाजले किती?"

"दुपार आहे बाबा. ऊन आहे."

उत्तरेश्वर उठून बसले. पाय चप्पल शोधायला लागले. सुरुची ओरडली, "चप्पल नाही!" आणि म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. म्हणजे हे त्यांनाही माहीत होतं. मुक्ताईनं त्यांनाही सांगितलेलं होतं. दोघं अनवाणी बाहेर आले, फाटक उघडं टाकलं, गल्ली ओलांडली, आणि मंदाकिनीकाकूंची बेल वाजवली.

बेलखाली पाटी होती. 'दुपारी एक ते चार घरातील माणसे मेली असे समजावे.'

सुरुचीनं बेल दाबून धरली. आतून सरपटत्या सपाता आल्या, दार एक वीत उघडलं.

"वाचता येतं ना?" मंदाकिनीकाकू म्हणाल्या. "का इंग्रजीत लावू?"

"काकू, आत घ्या."

"अगं तू उठलीस कशाला? डॉक्टरांनी..."

काकूंचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्या सुरुचीच्या खांद्यावरून बघत होत्या. आवाज नंतर आला. आधी घराच्या पाठीमागून धुळीचा एक ढग सावकाश वर आला. मग पोत्यातून धान्य ओतावं तसा लांबलचक खळखळाट, आणि पायाखालची गल्ली हलली. सुरुची मागं वळली नाही. पोटावर दोन्ही हात ठेवून दाराच्या चौकटीकडे बघत राहिली. आत बाळानं लाथ मारली, आणि मग तिला रडू आलं.

मागची खोली खड्ड्यात गेली होती. पलंगासकट, आरशासकट. पेरूसुद्धा गेला. जेवणाची सुट्टी होती म्हणून खाली माणूस नव्हता.

मग व्हायचं ते सगळं झालं. बंब आला, पोलीस आले, महापालिकेचे साहेब आले, शुभंकर हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून धावत आला आणि गल्लीत बसून लहान पोरासारखा रडला. डॉक्टरबाईंनी घरी येऊन तपासलं, ठोके नीट आहेत म्हणाल्या, आणि काकूंच्या दिवाणावरून उतरायचं नाही अशी ताकीद दिली. काकूंनी दिवाण ओढून दारात आणला. "बघू दे तिला. नाहीतर उठून बघेल," त्या म्हणाल्या.

दिवस कलला. पुढच्या दोन खोल्या उभ्या होत्या. एक तरुण साहेब कडेला जाऊन वाकून बघून आला, डोकं खाजवत. "निम्मा पाया हवेत आहे. ह्याला खाली काहीच नाहीये. हे उभं कशावर आहे तेच कळत नाही."

"मुक्ती आत हाय," दिवाणापाशी उभे असलेले उत्तरेश्वर एकदम म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. फोटोबद्दल बोलत होते ते. समोरच्या भिंतीवरचा चंदनाच्या हारातला फोटो उघड्या दारातून दिसत होता. मुक्ताई हसत होती, थाप पचल्यावर हसायची तशी.

"मी घेऊन येतो. दोन पावलं तर हायेत."

"बाबा, बसा," शुभंकर म्हणाला. पण साहेबानं काहीतरी विचारलं म्हणून तो तिकडे वळला, आणि म्हातारा घराच्या दाराच्या दिशेनं सरकला. सुरुचीनं दिवाणावरूनच हात लांबवून त्यांच्या सदऱ्याचं टोक पकडलं. "बाबा, नका जाऊ."

"सोड गं."

"वर बघा."

दिवेलागण झाली होती. पाकोळ्या परत आल्या होत्या. जिथं मागची भिंत होती तिथं हवेत घिरट्या घालत होत्या, भिंत शोधत होत्या. मग एकेक करत पुढं आल्या आणि घरापुढच्या ओट्यावरच्या पत्र्याखालच्या फटीत शिरल्या. एक, आणखी एक, थव्यानं. फटीतून बारीक चिवचिव यायला लागली. उत्तरेश्वरांनी सुरुचीकडे बघितलं. दोघांनाही कळलं, घर उभं कशावर आहे.

"धरलंय त्यांनी," म्हातारा कुजबुजला. "तोवर आणतो मी तिला."

आणि त्याच वेळी बंबाच्या माणसांनी मोठा दिवा आणून फाटकात उभा केला, तोंड घराकडे.

"दिवा लावू नका!" सुरुची ओरडली.

"बाई, अंधारात काम कसं करायचं?"

"नका लावू! त्यांना उजेड..."

लावला. पांढराफेक उजेड ओट्यावर पडला. आधी काहीच झालं नाही. मग पत्र्याखालून काळी धार सुटली. उत्तरेश्वर झेपावले. सुरुचीनं सदरा सोडला नाही. कापड टरकलं, शिवण उसवली, बोटांत कळ आली, पण मूठ उघडली नाही. शेवटची पाकोळी दिव्यासमोरून गेली, तिची सावली अख्ख्या घरावर पडली, दारावर, फोटोवर.

आणि घर बसलं. पडलं नाही, बसलं. दमलेली बाई पाटावर बसते तसं, आधी कंबर, मग खांदे, मग डोकं.

साहेबांनी कागदावर पाणी, माती, कंप असं बरंच लिहून नेलं. ते खरंच असणार. कारण पाकोळ्यांना कुणी विचारलं नाही.

बाळ कार्तिकात झालं. मुलगी. पुऱ्या दिवसांची, वजनाची, बिल्डरनं भाड्यानं घेऊन दिलेल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आली. सुखदेवला खड्ड्यातल्या पाण्यावर आंब्याच्या पेटीचं ते घर तरंगताना सापडलं होतं, उत्तरेश्वरांनी ते वाळवून गॅलरीच्या बाहेर, उंच, सकाळच्या उन्हात लावलं. सोसायटीनं हरकतीची नोटीस दिली. त्यांनी ती लाकडाखाली पाचर म्हणून घातली.

मंदाकिनीकाकू बाळंतविडा घेऊन आल्या. मुलगी दिवसभर झोपलेली होती. तिन्हीसांजा झाल्या तसे तिनं डोळे टक्क उघडले, छताकडे बघितलं आणि काकूंचं बोट असं पकडलं, की काकू ओढून दमल्या.

"केवढी गं पकड! सोडतच नाही. वाघूळ जन्माला घातलंयस की काय?"

"हळू बोला बाई," उत्तरेश्वर गॅलरीच्या दारातून म्हणाले. ते अनवाणी होते. हल्ली घरात चप्पल ठेवतच नसत. "सातवा मजला आहे. धरू द्या तिला."